एमजीबी इंचभर खाली घ्यावी का? स्प्रिंगा आल्यात, पण हात पुढे होत नाहीये

कर्वेनगरी_रोडस्टर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय, राग मानू नका.

आमच्याकडे मामाची एमजीबी आहे, म्हणजे एमजीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९७५ ची, उघड्या टपाची, काळ्या रबरी बंपरवाली. मामाने १९८६ ला मुंबईत एका वकिलातीतल्या साहेबाकडून घेतली, मग ती पुण्यात आली आणि मधली बारा वर्षं ताडपत्रीखाली होती. तीन वर्षांपूर्वी मी हातात घेतली. इंजिन, ब्रेक, वायरिंग सगळं झालंय, रविवारी सकाळी खडकवासल्यापर्यंत जाऊन येतो. फक्त एक गोष्ट डोळ्यात खुपते. गाडी समोरून नाक वर करून उभी असते. स्पोर्ट्स कार कमी आणि होडी जास्त वाटते. वळणावर झुकतेही भरपूर.

माहिती काढली तर कळलं की हा माझ्या गाडीचा दोष नाही, कंपनीनेच केलेलं आहे. १९६२ पासून क्रोम बंपरवाली एमजीबी खालीच बसायची, १९७४ च्या शेवटी अमेरिकेतल्या नियमांसाठी रबरी बंपर लावले आणि उंची जुळवायला सस्पेन्शन इंच-दीड इंच वर उचललं. तर मी काय केलं, इंग्लंडहून इंचभर खाली आणणाऱ्या पुढच्या स्प्रिंगांची जोडी मागवली. मावसभाऊ बॅगेत घालून घेऊन आला. विमानतळावर स्कॅनिंगला बॅग उघडायला लावली, त्याने सांगितलं सोफ्याच्या स्प्रिंगा आहेत.

आता प्रश्न असे की १) पुण्याच्या रस्त्यांवर हे करणं शहाणपणाचं आहे का, २) पुढून खाली घेतली तर मागे काय करायचं, मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, ३) स्प्रिंग घरच्या पार्किंगमध्ये बदलता येते का की गॅरेजच लागेल. सायलेन्सरच्या पाईपाचा सगळ्यात खालचा भाग जमिनीपासून आत्ता साडेपाच इंच आहे, काल चटईवर झोपून मोजलंय.

सदाशिव_३०

पुण्यात लोक गाडी उंच मिळावी म्हणून कर्ज काढतात आणि तुम्ही आहे ती खाली घेताय. चालू द्या.

नानापेठी

अहो मस्त गाडी! फोटो टाका आधी. फोटोशिवाय धागा म्हणजे तर्रीशिवाय मिसळ.

पाटे-बुशचं काही लागलं तर आमच्या पेठेत बघा, एमजीचं नाव घेऊन मागितलं तर कोणी देणार नाही, माप घेऊन मागितलं तर निम्मं सामान सापडेल. आणि इंची पाने आहेत ना तुमच्याकडे? मिलिमीटरचा पाना लावून बोल्ट गोल करू नका. जुन्या बाजारात इंची रिंगपाने अजून मिळतात, रविवारी लवकर जावं लागतं.

पद्मिनीवाली

रस्त्याचं नंतर बघू, आधी माझी गोष्ट ऐका.

माझ्या दादाने कॉलेजात असताना घरची प्रीमियर पद्मिनी खाली घेतली होती. तेव्हा तयार स्प्रिंग वगैरे कोण देणार, हडपसरला एका गॅरेजमध्ये गॅस कटरने दीड वेढा उडवला. संपला विषय. गाडी दिसायला काय दिसायची म्हणून सांगू, आख्खी आळी बघायला आली. चौथ्या दिवशी कात्रज घाटातून येताना एका खड्ड्यात चाक गेलं, गाडी उसळली आणि खालून टण्ण असा आवाज. चाक पूर्ण खाली लोंबलं की कापलेली स्प्रिंग जागेवर सैल पडायची आणि परत बसताना वाकडी बसायची. दादाने गाडी तशीच घरी आणली, बाबांना सांगितलं दगड लागला. बाबांनी वाकून बघितलं आणि फक्त "दगड गॅसने कापतो का रे" एवढंच विचारलं.

तुम्ही तयार स्प्रिंगा आणल्यात हे शंभर टक्के बरोबर केलंत. कोणी म्हणालं की दुसऱ्या कापून बसवू, नाहीतर तापवून दाबू, तर त्याच्याकडे गाडी टाकू नका.

कोनमापक

ताईंनी सांगितलं त्यामागचं गणित देतो, कारण "कापली की मऊ होते" असं बरेच जण समजतात, ते उलट आहे.

स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर वाढतो, वेढ्याच्या व्यासाच्या घनाने कमी होतो आणि काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येने भागला जातो. म्हणजे आठ वेढ्यांतला एक उडवला तर उरलेली स्प्रिंग आठ भागिले सात, जवळपास चौदा टक्के कडक होते. आखूड झाली, कडक झाली, पण बसायचं टोक गेलं. तापवून दाबली तर त्याहून वाईट, कारण पोलादाला दिलेलं पाणी उतरतं आणि स्प्रिंग रोज थोडी थोडी बसत जाते. एक बाजू जास्त, एक कमी.

दुसरं म्हणजे एमजीबीत स्प्रिंग चाकावर नसते, खालच्या विशबोनच्या, म्हणजे चाक चासीला जोडणाऱ्या दुबेळकी हाताच्या, साधारण मध्यावर असते. त्यामुळे स्प्रिंगपाशी अर्धा इंच फरक पडला की चाकापाशी जवळपास एक इंच दिसतो. तुमच्या नव्या स्प्रिंगा जुन्यांशेजारी उभ्या केल्यावर फरक "एवढासाच" वाटेल, घाबरू नका आणि फसवलं असं समजून परतही पाठवू नका.

उगाच_डोकावलो

चौथा घात वाचून मी चहा टाकायला उठलो.

हेराल्डकाका

गाडी खाली घेण्याचा विषय निघाला की मला आमची स्टँडर्ड हेराल्ड आठवते. मद्रासला बनायची, वडिलांनी १९६८ ला घेतली. हेराल्डला मागे एकच आडवा पाटा, गाडीच्या रुंदीभर, आणि दोन्ही चाकं त्याला लोंबलेली. माझ्या मित्राला गाडी खाली हवी म्हणून त्याने पाट्यातलं एक पान काढून टाकलं. मागून बघितलं तर चाकं वरून आत आणि खालून बाहेर, फतकल मारून बसलेल्या माणसासारखी. एक टायर दोन महिन्यांत आतल्या बाजूने गुळगुळीत.

मात्र खरा धोका वेगळाच होता. त्या रचनेत वळणावर मध्येच पाय काढला की मागचं चाक पोटाखाली दुमडतं आणि गाडी टाचा उचलते. खंबाटकीला एकदा उतरताना तो अनुभव घेतलाय, तेव्हा बोगदा नव्हता. मागे बसलेला मित्र जेजुरीला नवस बोलला आणि फेडूनही आला.

सांगायचं इतकंच की कुठली गाडी आहे ते बघून खाली घ्या. आणि हो, ट्रनियनमध्ये, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खालच्या सांध्यात, ग्रीस नाही, ऑइल घालायचं. लोक ग्रीस भरतात आणि मग चाक निखळतं.

कोनमापक

काका, ऑइलचं हेराल्ड-स्पिटफायरला अगदी बरोबर. एमजीबीला त्या जागी किंगपिन आहे, चाक वळवणारा उभा खिळा, आणि तिथे ग्रीसच लागतं, प्रत्येक बाजूला तीन निपल. धागाकर्त्याने ऑइल भरू नये म्हणून लिहिलं. आणि एमजीबीचा मागचा अॅक्सल अखंड आहे, त्यामुळे चाकं दुमडण्याची भीती नाही. त्या बाबतीत ती आपल्या टेम्पोसारखी साधी आहे.

हेराल्डकाका

बरोबर. माझी चूक. वय झालं की सगळ्या गाड्या हेराल्डच वाटतात.

सदाशिव_३०

एमजीला टेम्पो म्हटल्याबद्दल मामांची जाहीर माफी मागावी.

आरटीओपुराण

कोणी काढला नाही म्हणून कायद्याचा मुद्दा काढतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. तुमची गाडी १९७५ ची म्हणजे पन्नास वर्षं पूर्ण. २०२१ च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते, नव्याने नोंदलेल्या गाडीच्या नंबरात व्हीए येतं, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण तिथेही अट आहे की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनमध्ये मोठा फेरफार नको. आणि व्हिंटेज नोंदणी केली की रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, देखभाल एवढंच.

स्प्रिंग बोल्ट खोलून बदलण्यासारखी आहे, कापाकापी नाही, तरी जुन्या स्प्रिंगा फेकू नका. कधी तपासणीला गेलीच तर परत लावता आल्या पाहिजेत.

नानापेठी

पुराणबुवा, पुण्यात बुलेटचे फटाके फोडत जाणाऱ्यांना सोडून याच्या इंचाला कोण मोजणार?

आरटीओपुराण

मोजणार नाही हे मलाही माहितीये. अपघात झाला तर विमावाला मोजतो. तो इंच पण मोजतो आणि सूत पण.

कर्वेनगरी_रोडस्टर

सगळ्यांचे आभार. व्हिंटेज नोंदणी करायची का ते मामाशी बोलून ठरवतो, त्याला जुना मुंबईचा एमएमचा नंबर सोडवत नाही, तो राहतोय हे बरं.

स्पीडब्रेकरचं कोणी बोलत नाहीये पण. आमच्या सोसायटीच्या गेटवर एक आहे, कमिटीने स्वतः सिमेंट ओतून केलाय, त्याच्यावरून आत्ताच गाडी तिरकी घ्यावी लागते.

कोनमापक

हा माझा आवडता विषय, थोडं लांबेल.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. एमजीबीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ९१ इंच, म्हणजे २.३१ मीटर. नियमातल्या ब्रेकरवर आख्खी गाडी चढून बसते, चारही चाकं उंचवट्यावरच असतात आणि दोन चाकांच्या मधे उंचवटा फक्त चार सेंटिमीटर वर येतो. दीड इंचाच्या आसपास. साडेपाचातला एक इंच गेला तरी तुम्ही आरामात पार.

अडचण अशी की आपल्याकडचा ब्रेकर दीड फूट रुंद आणि सहा इंच उंच असतो, पावाची लादी उलटी ठेवल्यासारखा. पुढची चाकं उतरलेली, मागची चढायची आहेत आणि पूर्ण सहा इंच तुमच्या पोटाखाली. तिथे साडेपाचवालीही घासते आणि साडेचारवालीही, फरक फक्त आवाजाचा. तिरकी घेतली की एकेक चाक चढतं, म्हणून सुटता.

थोडक्यात, आत्ता जिथे घासत नाही अशा ठिकाणी नंतर घासेल का हे बघायला रोजच्या रस्त्यावरचे चार ब्रेकर स्वतः मोजा. लाकडी पट्टी आणि टेप पुरे.

उगाच_डोकावलो

रात्री अकरा वाजता टेप घेऊन ब्रेकर मोजणारा माणूस कर्वेनगरात दिसला तर घाबरू नका, तो आपलाच आहे.

निवृत्त_फिटर_दापोडी

एकतीस वर्षं एसटीच्या दापोडीच्या कारखान्यात काढली, कमानपाट्यावरच बहुतेक. एमजीला हात लावला नाही कधी पण पाटा तो पाटा आणि बुश ते बुश.

सगळे स्प्रिंगवर बोलले. मला एक सांगा, गाडी चारी बाजूनी मोजली का? जमिनीपासून नको, जमीन पुण्यात कुठंच सपाट नाही. चाकाच्या मधोमध जी टोपी असते तिथून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. चारी चाकं. आकडे इथं टाका. आणि मला हे पण सांगा की तीन वर्षांपूर्वी काम केलं तेव्हा पुढच्या विशबोनचे रबरी बुश बदलले होते का आणि बोल्ट कोणी कसे आवळले.

मोजल्याशिवाय स्प्रिंगला हात लावू नका.

कर्वेनगरी_रोडस्टर

काका, मोजलं. ऑफिसला जायच्या आधी मोजलं त्यामुळे शर्ट बदलावा लागला.

पुढे डावीकडे सव्वापंधरा इंच. पुढे उजवीकडे साडेचौदा. मागे डावीकडे साडेतेरा, उजवीकडे तेरा आणि एक-दोन सूत.

म्हणजे पुढे डावी-उजवीत पाऊण इंचाचा फरक! तीन वर्षं मला वाटत होतं की पार्किंगच उतरतं आहे. बुश बदलले होते, हो, एका गॅरेजमध्ये. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) होती, चाकं काढलेली, तिथेच सगळं आवळलं. मी समोर उभा होतो, मीच टॉर्च धरला होता.

निवृत्त_फिटर_दापोडी

तेच. मला तेच ऐकायचं होतं.

रबरी बुशचा बोल्ट चाक लोंबत असताना आवळायचा नाही राव. बुशच्या आतली नळी बोल्टने पकडली जाते, बाहेरचा भाग विशबोनला धरून असतो आणि मधलं रबर पिळतं. चाक लोंबताना आवळला की रबराला वाटतं हीच आपली जागा. मग गाडी खाली ठेवली की रबर पिळलेलं राहतं आणि गाडीला वर ढकलत बसतं. स्प्रिंग एक आणि तिच्या जोडीला न मागता लावलेली दुसरी, रबराची. गाडी एका बाजूला उंच राहते आणि रबर वर्षा-दोन वर्षात चिरतं.

आता करा काय. गाडी चाकांवर उभी ठेवा, खाली जाता येत नसेल तर चारी चाकांखाली सारख्या उंचीच्या भक्कम फळ्या. आतल्या बाजूचे विशबोनचे नट सैल करा, काढू नका. पुढून गाडी दाबा, हलवा, दहा फूट पुढे-मागे ढकला, परत दाबा. मग तिथेच आवळा. आवळून झालं की परत मोजा.

आणि मागे तेरा-साडेतेरा म्हणजे तुमचे पाटे बसलेत. म्हणून नाक जास्तच वर दिसतं. मागे काही करू नका. पुढून येऊ द्या मागच्या बरोबरीला.

पद्मिनीवाली

टॉर्च धरणाऱ्यांनी पण डोळे उघडे ठेवावेत हे यातून शिकले 😄

कोनमापक

फिटरकाकांना साष्टांग. मी चौथ्या घातापर्यंत गेलो आणि टेप लावायला सांगायचं विसरलो.

ठोकळा_लावा

मागचे पाटे बसलेत म्हणून सोडून कसे द्यायचे? पुढे इंच खाली घेतलात तर मागे पण इंचाचा ठोकळा लावा ना, अॅक्सल आणि पाट्याच्या मधे. स्वस्तात काम. माझ्या जीपला आहे.

निवृत्त_फिटर_दापोडी

ठोकळ्याला नाही म्हणत नाही, पण बसलेल्या पाट्यावर ठोकळा म्हणजे गाडी ढुंगण घासत जाणार. रबरी बंपस्टॉप आणि अॅक्सलच्या मधे आधीच जागा कमी झालीय, ठोकळ्याने अजून कमी होईल. खड्ड्यात ठण्ण. शिवाय यू बोल्ट लांब लागतात, जुनेच ताणून बसवणारे बघितलेत मी, दोन पेच पकडलेले. पुढेमागे पाट्यांना पुन्हा बाक देऊन घ्या नाहीतर नवीन घाला, तेव्हा ठोकळ्याचा विचार करा. आत्ता नको.

ठोकळा_लावा

ठीक. माझे यू बोल्ट बघून येतो 🙏

कर्वेनगरी_रोडस्टर

अपडेट. शनिवारी फळ्यांवर उभी करून बुश सैल केले. डावीकडचा पुढचा नट सैल झाला तेव्हा खालून कट्कन आवाज आला आणि मी बघत असताना गाडी खाली बसली. खरंच बसली, म्हैस बसते तशी, सावकाश. ढकलाढकलीला वॉचमन आणि शेजारचा मुलगा होता. परत मोजलं, डावी पाऊण इंच उतरून साडेचौदाच्या जवळ, उजवी एखादं सूत खाली. म्हणजे फुकटात काम.

आता नाक तेवढं वर दिसत नाही. मग स्प्रिंगा लावू की नको? बायको म्हणते एवढ्या लांबून आणल्यात तर लाव, नाहीतर खरंच सोफ्यात घाल.

हेराल्डकाका

थांबा. ताम्हिणीला एक चक्कर मारून या आणि मग ठरवा. कित्येकदा दुखणं वेगळं असतं आणि आपण औषध तिसऱ्याचं घेतो. झुकण्याबद्दल म्हणालात ना, त्याला उंची एकटी जबाबदार नाही.

कोनमापक

काकांशी सहमत. रबरी बंपर आले त्या सुमाराच्या रोडस्टरना कंपनीने पुढचा अँटीरोल बारही खर्च वाचवायला काढून टाकला होता, नंतर परत दिला. १९७५ ची म्हणजे तुमच्या गाडीत बहुधा नसेलच. वाकून बघा, दोन्ही विशबोनना जोडणारी आडवी वाकवलेली सळई दिसते का. नसेल तर झुकण्याचं मोठं कारण ते. समजा गाडीचा गुरुत्वमध्य वीस इंचावर असेल, तर इंचभर खाली घेऊन वळणात बाहेरच्या चाकांवर जाणारा भार वीसातला एक भाग कमी होईल. बारने झुकणं त्यापेक्षा खूप कमी होतं.

कर्वेनगरी_रोडस्टर

सळई नाही. चासीला भोकं आहेत, सळई नाही. वा रे कंपनी.

ताम्हिणीला जाऊन आलो. डावीकडे ओढायची ती आता ओढत नाही. झुकते अजून. आणि खरं सांगायचं तर मला ती खाली हवीच आहे, दिसायला. बाकीची कारणं मी स्वतःला देत होतो.

सदाशिव_३०

धाग्यातलं पहिलं प्रामाणिक वाक्य.

पद्मिनीवाली

मग लावा की! दिसायला हवी म्हणूनच ठेवलीये ना, नाहीतर होंडा सिटी आहेच सगळ्यांकडे. फक्त स्प्रिंग काढताना जपून, ती दाबलेली असते.

निवृत्त_फिटर_दापोडी

लावायचीच असेल तर ऐका. गाडी पुढून उचला, चासीखाली दोन घोड्या, सोसायटीच्या विटा नकोत. चाक काढा. स्प्रिंगच्या खाली जी बशी आहे तिच्याखाली ट्रॉली जॅक लावा आणि किंचित उचला. बशीचे चार बोल्ट असतात. समोरासमोरचे दोन काढा आणि त्यांच्या जागी त्याच पेचाचे लांब स्टड घाला, वितीपेक्षा लांब, हायटेन्साईल. हार्डवेअरच्या दुकानातली साधी आट्यांची सळई नको, ती ताणते. स्टडला नट लावून घ्या, मग उरलेले दोन बोल्ट काढा. जॅक थोडा खाली, नट थोडे सैल, जॅक थोडा खाली, नट थोडे सैल. बशी सावकाश उतरते आणि स्प्रिंग शेवटी हाताने निघते. जॅक शेवटपर्यंत खालीच ठेवायचा. तोंड बशीच्या रेषेत आणायचं नाही, टॉर्चवाल्याने पण नाही.

नवीन चढवताना उलट. स्प्रिंगचं टोक वर नीट बसलंय का बोट फिरवून बघा. आणि बुश? गाडी खाली आल्यावर.

उगाच_डोकावलो

बुश गाडी खाली आल्यावर. पाटी करून पार्किंगमध्ये लावा: "येथे लोंबत्या चाकाला बुश आवळू नये. आवळल्यास उंची वाढेल व अपमान होईल."

कर्वेनगरी_रोडस्टर

झालं! उशीर झाला लिहायला, मध्ये गणपती होते.

फिटरकाकांनी सांगितलं तसंच केलं. स्टड भोसरीत एका लेथवाल्याकडून करून घेतले, त्याने विचारलं कशाला, सांगितलं एमजीबीला, तो म्हणाला ती इलेक्ट्रिक येते ती का. उजवी बाजू दोन तासांत झाली. डावीला बशीचा एक बोल्ट इतका गंजला होता की रात्रभर डिझेल घालून ठेवला आणि सकाळी पान्याला पाईप लावून तोडला. नवीन स्प्रिंग जुनीशेजारी ठेवली तर कोनमापकांनी म्हटल्याप्रमाणे फरक एवढासाच, अंगठ्याच्या नखाएवढा. बायको म्हणाली एवढ्यासाठी?

खाली उतरवून, ढकलून, आवळून मोजली. पुढे दोन्हीकडे साडेतेरा, डावीला एखादं सूत जास्त. मागच्या बरोबरीला आली. गाडी इतकी छान उभीये की काल रात्री कचरा टाकायला गेलो आणि वीस मिनिटं तिथेच.

सोसायटीचा ब्रेकर: तिरकी घेतली तर पाईप एक बोटाने वाचतो. सरळ घेतली तर वाचत नाही, तेही करून बघितलं.

मामाला बसवून आणलं. अठ्ठ्याहत्तर वय आहे. उतरताना दाराला धरून म्हणाला, "छान झाली रे, पण आधी मला हिच्यातून उठता यायचं."

नानापेठी

मामा रॉक्स. जुन्या स्प्रिंगा द्यायच्या आहेत का?

कर्वेनगरी_रोडस्टर

नाही, डावी-उजवी चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवल्यात, पुराणबुवांच्या विमावाल्यासाठी.

एक शंका राहिली. साठच्या पुढे स्टेअरिंग थोडं भिरभिरतं, आधी नव्हतं. टायरमध्ये हवा बरोबर आहे. आणि रात्री हेडलाईट पुढच्या रिक्षाच्या चाकावर पडतात.

कोनमापक

हेडलाईट साहजिक आहे, नाक खाली आलं की झोत पण खाली. भिंतीसमोर उभी करून स्क्रूने वर घ्या.

भिरभिरण्याचं बहुतेक टो, म्हणजे वरून बघितलं तर पुढच्या चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते. गाडी खाली आली की स्टेअरिंगच्या दोन्ही दांड्यांचा कोन बदलतो आणि त्याबरोबर चाकांची तोंडं. पुस्तकात टो-इन एक सोळांश ते तीन बत्तीसांश इंच दिलाय. कँबर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा कल, या गाडीला बदलता येत नाही, मुळात एक अंश बाहेर कललेला असतो, तो खाली घेतल्याने थोडा सरळ झाला असेल, ते चांगलंच आहे. अलाइनमेंटवाल्याकडे जा.

कर्वेनगरी_रोडस्टर

गेलो होतो. त्याच्या कॉम्प्युटरच्या यादीत एमजी आहे पण हेक्टरच्या आधी काही नाही. त्याने मला विचारलं मॉडेल हेक्टर निवडू का.

निवृत्त_फिटर_दापोडी

निवडू देऊ नका. दोरीने होतं ते. दोन घोड्या, दोन दोऱ्या आणि एक स्टीलची पट्टी लागते. रविवारी रिकामा आहे, कर्वेनगर मला लांब नाही, नातवाला पण गाडी बघायची आहे. आठला येतो. स्टेअरिंग सरळ ठेवून बांधून ठेवा आणि दांड्यांच्या चेकनटवर आजपासूनच डिझेल सोडा.

कर्वेनगरी_रोडस्टर

काका या! पत्ता निरोपात पाठवतो. गाडी गेटच्या आतच आहे, ब्रेकर ओलांडला की उजवीकडे.

निवृत्त_फिटर_दापोडी

ब्रेकर मोजूनच येतो. चहा बिनसाखरेचा.